'प्रोलिफिक' की 'फलद्रूप'? : एका विशेषणाचा शास्त्राभ्यास

शास्त्रपाठ : उत्पत्ती 1:20-28, होशेय 10:1-2, योहान 15:1-16



काही वर्षांपूर्वी भाषांतरकारांच्या एका मेळाव्यासाठी म्हैसूरला जाण्याचा योग आला. भाषेचे काम करणाऱ्याला हे शहर परके वाटत नाही. भारतीय भाषांची केंद्रीय संस्था 17 जुलै 1969 रोजी येथेच स्थापन झाली आणि राष्ट्रीय अनुवाद मिशनचे कामही याच संस्थेतून चालते. आमच्या मेळाव्यात कन्नड, कोंकणी, तेलुगू व मराठी भाषिक बंधुभगिनी एकाच टेबलाभोवती बसत आणि एकच इंग्रजी उतारा आपापल्या भाषेत उतरवीत असत.

एके दिवशी एका दिवंगत सेवकाच्या चरित्रातील वाक्य समोर आले. ते 'प्रोलिफिक' लेखक होते आणि त्यांची सेवा 'फ्रूटफुल' ठरली, असा त्याचा आशय. मी घाईघाईने दोन्ही ठिकाणी 'फलद्रूप' हाच शब्द लिहिला. शेजारी बसलेल्या वयोवृद्ध कन्नड बंधूंना वाक्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, आमच्याकडे 'फलवत्ताद' म्हटले की आधी जमीन डोळ्यांपुढे येते. तुम्ही तर लेखक, सेवा आणि शेत सारे एकाच दाव्याला बांधलेत. मूळ लेखकाने दोन शब्द वापरले आहेत, त्याअर्थी त्याला दोन गोष्टी सांगायच्या असतील ना?"

त्यांचे म्हणणे खरे होते. त्या रात्री मी ते पान पुन्हा लिहिले. पण प्रश्न मनातून गेला नाही. विपुल असणे आणि फळ देणे या दोन गोष्टी एक आहेत काय? आणि आपण त्या एक मानतो म्हणून आपल्या मंडळ्यांत काही जीव विनाकारण दुखावले जातात काय? या लेखात आपण हाच विचार करू.

1. इंग्रजी शब्दाचे कूळ

'प्रोलिफिक' हे विशेषण इंग्रजीत सतराव्या शतकात रूढ झाले. त्याच्या मुळाशी दोन लॅटिन शब्द आहेत : 'प्रोलेस' म्हणजे संतती आणि 'फाकेरे' म्हणजे करणे. म्हणजे 'संतती उत्पन्न करणारा' हा त्याचा मूळ अर्थ. याच 'प्रोलेस'पासून 'प्रोलेटेरिएट' हा शब्द निघाला. प्राचीन रोममध्ये ज्यांच्याजवळ मालमत्ता नसे, ज्यांनी राज्याला द्यावयाचे ते केवळ आपली लेकरे, त्यांना 'प्रोलेतारी' म्हणत.

पुढे हा शब्द प्राण्यांवरून व झाडांवरून माणसाच्या निर्मितीकडे वळला. पुष्कळ पुस्तके लिहिणारा लेखक, पुष्कळ चाली बांधणारा संगीतकार, पुष्कळ गोल करणारा खेळाडू, हे सारे 'प्रोलिफिक'. या शब्दाच्या वापरात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, हे विशेषण उत्पन्न करणाऱ्याला लागते, उत्पन्न झालेल्या एकट्या वस्तूला लागत नाही. लेखक 'प्रोलिफिक' असू शकतो. त्याचे एक पुस्तक 'प्रोलिफिक' नसते.

दुसरी, हा शब्द संख्या सांगतो, गुण सांगत नाही. म्हणूनच वारंवार गुन्हे करणाऱ्यालाही इंग्रजीत 'प्रोलिफिक' गुन्हेगार म्हणतात. त्यात स्तुती नाही, केवळ मोजदाद आहे.

तिसरी, ध्वनिसाम्यामुळे 'प्रोलिक्स' हा शब्द त्याच्या जागी पडण्याचा संभव असतो. त्याचा अर्थ 'पाल्हाळिक' असा आहे आणि त्याचे कूळ अगदी वेगळे आहे. विपुल लिहिणारा पाल्हाळिक असेलच असे नाही, आणि पाल्हाळ लावणाऱ्याने आयुष्यात एकच पुस्तक लिहिलेले असू शकते.

'फ्रूटफुल' हा शब्द याहून जुना. 1611 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स भाषांतरात हा शब्द अनेकदा येतो. 'प्रोलिफिक' मात्र त्यात एकदाही येत नाही. भेट, चर्चा, परिश्रम, प्रार्थना ही 'फ्रूटफुल' असतात, म्हणजे ज्या हेतूने ती झाली तो साधतो. 'प्रोलिफिक' शब्द 'किती?' असे विचारतो. 'फ्रूटफुल' शब्द 'कशासाठी?' असे विचारतो.

2. मराठीत काय म्हणावे?

आपली भाषा या बाबतीत दरिद्री नाही. जमीन सुपीक किंवा सकस असते. झाड फळांनी लगडते. पीक उदंड येते. गवत माजते. जिच्या बाजूंना कोंब फुटले आहेत अशा हळदीच्या कुडीला आपल्या आयाबाया 'लेकुरवाळे हळकुंड' म्हणतात. 'प्रोलेस' या लॅटिन शब्दाला इतका जवळचा शब्द शोधून सापडणार नाही.

पुष्कळ लिहिणाऱ्याला 'विपुल लेखन करणारा' म्हणावे, किंवा संस्कृत वळणाचा 'बहुप्रसव' शब्द वापरावा. 'सिद्धहस्त' म्हणू नये, कारण तो शब्द कौशल्य सांगतो. 'अष्टपैलू' म्हणू नये, कारण तो विविधता सांगतो.

आता 'फलद्रूप' या शब्दाकडे पाहू. आपल्या प्रचलित बायबलमध्ये उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील आशीर्वादात 'फलद्रूप' व 'बहुगुणित' हे शब्द जोडीने येतात, म्हणून ते आपल्या तोंडी बसले आहेत. परंतु मंडळीबाहेरचा मराठी माणूस 'फलद्रूप' केव्हा म्हणतो? 'प्रयत्न फलद्रूप झाले', 'योजना फलद्रूप झाली', म्हणजे यश आले. व्यवहारात हा शब्द यशाकडे झुकला आहे. त्यामुळे 'फलद्रूप जीवन' हे शब्द व्यासपीठावरून उच्चारले जातात तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात नकळत 'यशस्वी जीवन' असा अर्थ उमटतो : मोठी मंडळी, मोठी इमारत, भरलेले घर, लांबलचक अहवाल. शब्द तोच राहिला, पण त्याच्या पोटातला अर्थ बदलला. भाषांतरकाराला याची चिंता वाटते, पाळकालाही वाटावी.

3. इब्री भाषेतील दोन क्रियापदे

जुन्या करारात 'फळ देणे' यासाठी 'पारा' हे क्रियापद आहे. त्याच मुळापासून 'पेरी' म्हणजे फळ हा शब्द होतो. उत्पत्ती 1:22 मध्ये हे क्रियापद प्रथम जलचरांच्या व पक्ष्यांच्या संदर्भात येते आणि 1:28 मध्ये माणसाच्या संदर्भात. दोन्ही ठिकाणी त्यापूर्वी देवाने त्यांना आशीर्वाद दिला असे म्हटले आहे, हे विसरू नये. रूप आज्ञार्थी असले तरी आशय दानाचा आहे.

याच अध्यायात दुसरेही क्रियापद आहे : 'शारात्स'. 1:20 मध्ये पाणी जीवजंतूंनी भरून जावे या अर्थी ते येते. मराठीत 'बुजबुजणे' हा शब्द त्याला चपखल बसतो. निर्गमाच्या आठव्या अध्यायात मिसरातील नदी बेडकांनी बुजबुजेल असे सांगताना हेच क्रियापद वापरले आहे. म्हणजे ते आशीर्वादातही येते आणि पीडेतही येते. त्याला केवळ संख्येशी कर्तव्य आहे.

निर्गम 1:7 मध्ये मिसरातील इस्राएल लोकांच्या वाढीचे वर्णन करताना लेखकाने 'पारा' आणि 'शारात्स' ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी ठेवली आहेत. देवाच्या दृष्टीने ते लोक फळ देत होते. फारोच्या दृष्टीने ते बुजबुजत होते. वस्तुस्थिती एकच, पण पाहणारे दोन.

'पारा'पासूनच एफ्राइम हे नाव आले असे उत्पत्ती 41:52 सुचविते. योसेफाने ते नाव ठेवताना कारण दिले की, ज्या देशात मला दुःख भोगावे लागले तेथेच देवाने मला फळ दिले. फलद्रूपतेचे हे पहिले नाव सुखाच्या देशात ठेवले गेलेले नाही, हे मननीय आहे.

4. होशेयाची द्राक्षवेल

पुढे एफ्राइम हे उत्तरेकडील राज्याचेच नाव झाले, आणि होशेय संदेष्ट्याने त्या नावाचा अर्थ त्या राज्यापुढे आरशासारखा धरला. होशेय 10:1 मध्ये तो इस्राएलाला द्राक्षवेल म्हणतो आणि त्या वेलीला 'बोकेक' हे विशेषण लावतो. भाषांतरकारांची येथे मोठी पंचाईत होते. या शब्दाच्या मुळाचा एक अर्थ 'रिकामे करणे' असा आहे, म्हणून 1611 च्या इंग्रजी भाषांतरात 'रिकामी वेल' असे आले. परंतु संदर्भात तर फळ भरपूर आहे! म्हणून 1885 च्या सुधारित इंग्रजी भाषांतराने 'फोफावलेली वेल' असा अर्थ घेतला, आणि प्राचीन ग्रीक भाषांतराचा कलही तिकडेच आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने मी दुसरा अर्थ स्वीकारतो. पण हा योगायोग मला विलक्षण वाटतो की, एकाच शब्दाकडे पाहून विद्वानांपैकी कोणी 'फोफावलेली' म्हटले आणि कोणी 'रिकामी' म्हटले. संदेष्ट्याचे गाऱ्हाणेही तेच आहे. फळ जसजसे वाढले तसतशा त्या लोकांनी परक्या वेद्या वाढविल्या. देश सुधारला तसे मूर्तिस्तंभ सुधारले. त्यांचे अंतःकरण मात्र दुभंगलेले राहिले. वेल 'प्रोलिफिक' होती; मळ्याच्या धन्याच्या हाती काही लागत नव्हते. 9:16 मध्ये तर संदेष्टा स्पष्ट म्हणतो की, एफ्राइमाचे मूळ सुकले आहे, तो फळ देणार नाही. नाव फळाचे, आणि मूळ सुकलेले.

5. नव्या करारात : फळ, अधिक फळ, पुष्कळ फळ

ग्रीक भाषेत 'कार्पोस' म्हणजे फळ. त्यापासून झालेले 'कार्पोफोरोस' म्हणजे 'फळ देणारा' हे विशेषण नव्या करारात एकदाच येते, प्रेषितांची कृत्ये 14:17 मध्ये. लुस्त्र येथे पौल पाऊस आणि ऋतू यांविषयी बोलत असताना ऋतूंना हे विशेषण लावतो. माणसाला हे विशेषण लावण्याऐवजी नवा करार बहुधा 'फळ देणे' हे क्रियापद वापरतो. उलट 'आकार्पोस' म्हणजे 'निष्फळ' हे विशेषण मात्र पुष्कळदा येते. काटेऱ्यात गुदमरलेले बीज, अंधाराची कर्मे, अशा ठिकाणी. 2 पेत्र 1:8 मध्ये तर निष्फळपणाचा उतारा म्हणून सद्गुण, संयम, धीर, सुभक्ती व प्रीती यांची मालिका दिली आहे. त्या मालिकेत मोजता येण्याजोगी एकही वस्तू नाही.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू ख्रिस्त पायरीपायरीने बोलतो : आधी फळ, मग अधिक फळ, मग पुष्कळ फळ. म्हणजे विपुलतेचे त्याला वावडे नाही. परंतु दोन अटी तो घालतो. फाट्याने वेलीत राहावे, आणि फळ टिकावे (वचने 4 व 16). दोन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे : 'मेनेइन', राहणे. जो राहतो त्याचेच फळ राहते. मराठीत आपण पहिल्या ठिकाणी 'राहणे' व दुसऱ्या ठिकाणी 'टिकणे' म्हणतो, म्हणून हा धागा आपल्या नजरेतून निसटतो.

दुसऱ्या वचनातील 'छाटणे' यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ 'शुद्ध करणे' असा आहे, आणि तिसऱ्या वचनात शिष्य 'शुद्ध' आहेत असे म्हणताना त्याच मुळातील विशेषण येते. नाशिक किंवा सांगलीकडील बागाईतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. तो वर्षातून दोनदा द्राक्षबागेवर कात्री चालवितो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी. त्यानंतरही तो वेलीवर किती घड ठेवायचे हे ठरवितो, घडातील मण्यांची विरळणी करतो. येतील तितके घड येऊ दिले तर मणी बारीक राहतात, गोडी उतरत नाही आणि वेल पुढच्या हंगामाला थकते. आणि जी वेल नुसती पाल्याने माजते तिच्याकडे पाहून त्याला मुळीच आनंद होत नाही. पुष्कळ असावे यासाठीच पुष्कळ काढून टाकावे लागते, हे त्या शेतकऱ्याचे शहाणपण आहे.

6. आपल्याच इतिहासातील तीन माणसे

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'प्रोलिफिक' हे विशेषण कोणाला शोभावे, तर बाबा पदमनजी यांना. 1831 साली बेळगावात जन्मलेल्या या गृहस्थांनी 1906 साली देह ठेवीपर्यंत सुमारे शंभर लहानमोठी पुस्तके लिहिली. 1857 सालचे 'यमुनापर्यटन' सर्वांना माहीत आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप 1863 साली निघाला. त्यांची विपुलता हेही देवाचे दान होते. आपण विपुलतेला कमी लेखू नये; ज्याला भरभरून दिले आहे त्याने भरभरून द्यावे.

पण शेजारी पंडिता रमाबाईंना ठेवून पाहा. आयुष्याची अखेरची सुमारे सतरा वर्षे त्यांनी एकाच कामाला दिली. मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरविणे, हे ते काम. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ग्रंथ 1924 साली केडगावच्या मुक्तिसदनातून छापून बाहेर पडला. संख्या मोजली तर सतरा वर्षांत एक पुस्तक. या गणिताने त्यांना कोणी 'प्रोलिफिक' म्हणणार नाही. फळ मात्र टिकले आहे.

तिसरे गॉर्डन हॉल. अमेरिकन मराठी मिशनचे हे आद्य सेवक 1813 साली मुंबईस आले आणि 1826 साली नाशिकच्या बाजूला प्रवासात असता पटकीने वारले. त्या तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले एतद्देशीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आजच्या अहवालाच्या रकान्यांत त्यांचे नाव कोठे बसले असते? परंतु ज्या मराठी नव्या करारासाठी ते झिजले तो त्याच 1826 साली छापून पूर्ण झाला, आणि पुढे अहमदनगर जिल्ह्यात या मिशनच्या ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांनी ते न पाहिलेले पीक कापले.

7. शब्दाने झालेली जखम

आता जे लिहितो ते कबुली म्हणून लिहितो. तरुणपणी एका घराच्या प्रतिष्ठेच्या वेळी मी 128 व्या स्तोत्रावर बोललो. तेथे पत्नीला फळ देणाऱ्या द्राक्षवेलीची उपमा आहे. इब्री शब्द 'पोरिय्या', पुन्हा 'पारा' धातूच. मी उत्साहाच्या भरात म्हणून गेलो की, फलद्रूप घर म्हणजेच आशीर्वादित घर. कार्यक्रम आटोपल्यावर एक भगिनी चपला घालता घालता थांबल्या. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षे झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, "पाळकसाहेब, मग आमचे घर कोणते?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर शास्त्रात होते; मी ते वाचले होते, पण त्यांच्यासाठी वाचले नव्हते. यशया 56:3-5 मध्ये एक माणूस स्वतःला 'शुष्क झाड' म्हणवतो. देव त्याला तसे म्हणू नको, असे सांगतो. आणि आपल्या मंदिरात त्याला पुत्र व कन्या यांच्याहून श्रेष्ठ असे नाव देण्याचे वचन देतो. अपत्य मिळेल असे ते वचन नाही. अपत्यावाचूनही तू माझ्या घरचा आहेस, असे ते वचन आहे. आणि स्तोत्रकर्ता एका घराच्या आनंदाचे चित्र काढतो. इतर घरांना मोजण्याची फूटपट्टी तो आपल्या हाती देत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, 'वांझ', 'वांझोटी चर्चा', 'वांझोटा प्रयत्न' असे वाक्प्रचार आपल्या उपदेशांतून व नियतकालिकांतून आपण काढून टाकावेत. 'निष्फळ' शब्द आपल्याजवळ आहे, तो पुरे. तसेच लहान मंडळीच्या पाळकाला किंवा खेड्यातील एकट्या सेविकेला 'तुमची सेवा फलद्रूप होत नाही' असे म्हणण्यापूर्वी आपण फळ मोजतो आहोत की पाला, हे पाहावे.

8. म्हैसूरच्या बाजारात

मेळावा संपल्यावर ते कन्नड बंधू मला देवराज मार्केटमध्ये घेऊन गेले. छताला केळीचे घड टांगलेले होते. म्हैसूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या नंजनगूडची रसबाळे ही जात तेथे प्रसिद्ध आहे. मर रोगामुळे तिची लागवड फार घटली, तरी तिला भौगोलिक मानांकन आहे आणि जाणकार तिलाच शोधतात. घडाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "कन्नडमध्ये कच्चे ते 'कायि' आणि पिकलेले ते 'हण्णु'. आम्ही फळ मोजण्याआधी ते पिकले आहे काय, हे शब्दातच सांगून टाकतो."

मला आपली कैरी आणि आंबा आठवला. मग केळीचा विचार मनात आला. केळीचे एक झाड एकदाच घड देते. घड कापला की त्याचे आयुष्य संपते. पण तोवर त्याच्या बुडाशी, खानदेशातले शेतकरी ज्यांना 'मुनवे' म्हणतात ते कोंब उभे असतात. घड एकच, तरी बाग चालू राहते. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो, हे योहान 12:24 मधील प्रभूचे शिक्षण त्या घडाखाली उभे असताना मला नव्याने कळले.

त्या वाक्याचे अखेरचे भाषांतर मी असे केले : 'त्यांनी विपुल लेखन केले, आणि त्यांच्या सेवेला टिकणारे फळ आले.' दोन गोष्टींना दोन शब्द. देवाने काहींना पहिली दिली आहे, काहींना दोन्ही. दुसरी मात्र, जो वेलीत राहतो त्या प्रत्येकाला देण्याचे त्याने वचन दिले आहे.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

1. निर्गम 1:7-12 वाचा. एकाच वाढीकडे देव आणि फारो कोणत्या दृष्टीने पाहतात? आपल्या मंडळीच्या वाढीकडे आपण कोणाच्या दृष्टीने पाहतो?

2. होशेय 10:1-2 मधील वेल 'फोफावलेली' आणि 'रिकामी' या दोन्ही अर्थांनी वाचा. आपल्या जीवनात फळ वाढले तेव्हा आणखी काय वाढले?

3. योहान 15:2 मधील छाटणी आपल्या वाट्याला आली तेव्हा आपण ती शिक्षा समजलो काय?

4. आपल्या मंडळीत 'फलद्रूप' या शब्दाने कोणाला जखम झाली असेल? त्यांच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?